हेन्शेल बेकरीचा शेवटचा रविवार

तळ्याकाठच्या शेबॉयगन गावात गुरुवारी साप्ताहिक हातात पडलं की लोक आधी कोण गेलं ते बघत, मग आर्लीन झास्ट्रो बाईंचा रकाना वाचत, आणि त्यानंतर सवड उरलीच तर जगाचं काय चाललंय इकडे वळत. बाईंच्या रकान्यात गावची दुकानं असायची. कुठे नवं सलून उघडलं, कोणत्या हार्डवेअरवाल्याने गाशा गुंडाळला, जुन्या बँकेच्या इमारतीत आता योगाचे वर्ग भरणार म्हणे, चर्चच्या तळघरात ईस्टरआधीच्या उपासाचे मासे कोणत्या शुक्रवारपासून तळणार. बातम्या म्हणाल तर चिमूटभर, पण त्या नसत्या तर गावाला गुरुवार बेचव लागला असता.

बाई उंच, हाडकुळ्या, सत्तरीला टेकलेल्या. नवरा गेला, मुलगा दूर टेक्साससारख्या उकाड्याच्या मुलखात जाऊन बसला. बाई मात्र तळ्यावरून येणारा बोचरा वारा अंगावर घेत, फुटबॉल संघाची हिरवी-पिवळी लोकरी टोपी कानांवर ओढून रोज गावभर फिरायच्या. बातमी काढायची त्यांची एक रीत होती. त्या कधी प्रश्न विचारत नसत. दुकानात जायचं, नको असलेली एखादी वस्तू विकत घ्यायची, हवेबद्दल दोन शब्द बोलायचे आणि गल्ल्यापाशी रेंगाळायचं. मालकच मग हळूहळू मन मोकळं करायचा. या रीतीपायी बाईंच्या घरात बर्फ ओढायची तीन फावडी होती, मेणबत्त्या पेटीभर होत्या, आणि कुत्रा नसताना कुत्र्याचा पट्टाही होता. पण तोंड उघडून विचारणं? छे. त्या गावात सरळ प्रश्न विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. आणि आपल्या चांगल्याची वार्ता आपल्याच तोंडाने सांगणं त्याहून वाईट. त्यामुळे तिथे माणसं एकमेकांना जन्मभर ओळखतात आणि निम्मं अंदाजाने जाणतात.

नव्या दुकानांवर बाई चार ओळी लिहून मोकळ्या व्हायच्या. बंद होणाऱ्या दुकानांवर मात्र त्यांचा हात सढळ चाले. मालकाचे आजोबा कोण, पहिलं गिऱ्हाईक कोण, दारावरची घंटा कशी वाजायची, सगळं यायचं. संपादक त्यांच्या मुलाच्या वयाचा. तो एकदा गमतीने म्हणाला होता की बाई, तुम्ही दुकानांचं श्राद्ध फार छान घालता. बाई हसल्या होत्या, पण कारण सांगितलं नव्हतं.

कारण होते त्यांचे वडील. वॉल्टर ग्रोथ यांचं आठव्या रस्त्यावर बुटांचं दुकान होतं. अर्ध्या गावाच्या पोरांच्या पायात पहिले शाळेचे बूट त्यांनी चढवले होते, गुडघ्यावर बसून, अंगठ्यापुढे किती जागा उरते ते दाबून बघत. दुकान चालेनासं झालं, तेव्हा एका शनिवारी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि ते पुन्हा काढलं नाही. कोणाला सांगितलं नाही, पाटी लावली नाही. सोमवारी लोकांनी दार ओढून पाहिलं तेव्हा त्यांना कळलं. वॉल्टर कित्येक दिवस टाय बांधून घरात खुर्चीवर बसून राहिले. नंतर फर्निचरच्या कारखान्यात गोदामावर लागले, पण आठव्या रस्त्याने पुन्हा कधी चालले नाहीत. आर्लीन तेव्हा पंधरा वर्षांची होती. दाराकडे कान लावून तीही बसायची. एकाही माणसाने दार वाजवलं नाही. ज्या गावाचे पाय आपल्या बापाने जन्मभर हातात धरले, ते गाव त्याला दोन शब्द बोलायला आलं नाही, ही सल त्या पोरीच्या मनात रुतली ती रुतलीच. पुढे वर्तमानपत्रात जाहिराती घ्यायचं काम मिळालं, त्यातून रकाना मिळाला, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं की आपण आहोत तोवर या गावात कोणाचं दुकान मुक्याने मरणार नाही.

एवढं सांगितल्यावर त्या मार्चमध्ये जे घडलं ते कसं घडलं हे ध्यानात येईल.

तळ्यावरचा बर्फ फुटू लागला होता. मंगळवारी सकाळी बाई हेन्शेल बेकरीच्या गल्लीतून चालल्या होत्या. बेकरीच्या काचांना आतून खाकी कागद लावलेला. मागच्या दाराशी ट्रक उभा, आणि दोन दांडगे गडी जुन्या विटांच्या भट्टीची लोखंडी दारं त्यात चढवत होते. रोलंड हेन्शेल एप्रनमध्ये हात गुंडाळून बाजूला उभा होता. रोलंड बाईंहून तीनेक वर्षांनी मोठा, एकाच शाळेतला. बेकरी त्याच्या आजोबांची. त्या भट्टीतले वरून कडक, आतून मऊ रोल खाल्ल्याशिवाय गावचा रविवार उजाडत नसे. चर्च सुटलं की बेकरीपुढे रांग लागायची. गरम हॅम वजनावर घ्यायचं, त्याच्यावर सहा रोल फुकट मिळायचे, आणि घरी जाऊन सगळ्यांनी पाव फोडत बसायचं.

"काय रोलंड," बाई म्हणाल्या.

"काय आर्लीन."

"वारा आहे आज."

"आहे खरा."

बाईंनी ट्रकमधल्या भट्टीच्या दारांकडे पाहिलं. "बरीच वर्षं साथ दिली हिने."

"दिली. आजोबांच्या हातची ती." रोलंडने बाहीने डोळे पुसले. वारा होताच, पण नुसता वाराच होता असंही नाही.

झालं. एवढंच बोलणं. दुसऱ्या मुलखातली बाई असती तर तिथल्या तिथे विचारती, काय रे, दुकान विकलंस का? आर्लीनबाईंना वाटलं, बिचाऱ्याच्या जखमेवर कशाला बोट ठेवा, सांगेल तेव्हा सांगेल. आणि रोलंडला वाटलं, सत्तरी उलटली, आता नवी भट्टी घेतली म्हणून काय गावभर दवंडी पिटायची? बघतील तेव्हा बघतील. त्याने गिऱ्हाइकांना एवढंच सांगितलं होतं की आठवडाभर जरा काम आहे, रविवारी रोल मिळतील.

शेजारच्या न्हाव्याकडे बाईंनी नको असलेली केसांची कात्री विकत घेतली. न्हावी म्हणाला, रोलंड काही बोललेला नाही, पण दुसरं काय असणार? त्याची लेक मिनिआपोलिसहून आलीय, सामानसुमान घेऊन. आवराआवर करायलाच आली असेल. बाईंनी कात्री खिशात टाकली. त्या घरी गेल्या आणि त्यांनी इतकं मनापासून लिहिलं, जितकं कधी कोणत्या दुकानावर लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं की येत्या रविवारी हेन्शेल बेकरीत शेवटचं गरम हॅम आणि शेवटचे रोल, निरोप द्यायला या, तोंडाने द्या, मनात ठेवू नका.

संपादकाने विचारलं, "रोलंडशी बोलणं झालंय ना?"

"झालंय की," बाई म्हणाल्या. आणि ते काही खोटं नव्हतं.

रविवारी बाई चर्चमधून लवकर निघाल्या. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं. त्यात बटाटे, चीज, आंबट साय, वर कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर. त्या भागात कोणाकडे मयत झालं की हे बटाटे न्यायची रीत आहे. दुःखाला शब्द सापडत नाहीत, बटाटे सापडतात. बेकरीचा कोपरा वळल्या आणि त्या थबकल्याच. रांग न्हाव्याच्या दुकानापलीकडे गेली होती, आणि रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं. बाईंना भरून आलं. बाबा, बघताय ना, त्या मनात म्हणाल्या. अशी माणसं यायला हवी होती.

रांगेत दार गाठलं तेव्हा रोलंडची लेक क्रिस्टा समोर आली. चाळिशीची, बापासारखीच रुंद खांद्यांची. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले. बाईंना वाटलं, रडून रडून झालंय पोरीचं.

"झास्ट्रोबाई, जरा मागे येता?"

मागे भट्टीघरात नेऊन तिने बाईंना उभं केलं. जुन्या विटांच्या जागी पोलादाची नवी कोरी भट्टी उभी होती. काचेच्या दारांमागे रोल फुगत होते. लिऑन, तिथला जुना कारागीर, लाकडी फावडं हातात घेऊन खाली बघत उभा होता.

"ही कोणाची?" बाई म्हणाल्या. सरळ प्रश्न त्यांच्या तोंडून निसटला तो असा.

"आमची. जुनीला तडा गेला होता. मंगळवारी ती गेली, बुधवारी ही आली. मी नोकरी सोडून आले ते हे दुकान चालवायला, झास्ट्रोबाई. मिटवायला नाही."

बाईंना हातातलं भांडं एकदम जड झालं. त्यांनी ते पिठाच्या टेबलावर ठेवलं आणि टेबल धरून उभ्या राहिल्या. जिवंत माणसाचं तेरावं घातलं होतं आपण, आणि वर सगळ्या गावाला जेवायला बोलावलं होतं.

"मला फोन का नाही केलास गं?"

"करत होते. बाबांनी हातातून काढून घेतला. म्हणाले, आर्लीनला वाईट वाटेल. रविवारी लोक येतील, भट्टी बघतील, आपोआप कळेल." क्रिस्टा कडवट हसली. "पण या गावात कोणी गल्ल्यापलीकडे डोकावतं का? गुरुवारपासून घरी रीघ लागलीय. लोक हात धरून रडतात आणि बाबा आभार मानतात. लिऑनला कोणा भल्या माणसाने सॉसेजच्या कारखान्यात जागा बघून दिली, त्याला उद्यापर्यंत हो-नाही कळवायचंय. चर्चच्या इर्माबाईंनी ईस्टरच्या न्याहारीचे रोल सुपरमार्केटला सांगून टाकले, बाबांना जाताजाता त्रास नको म्हणून. आणि बाबांना विचारलं तर म्हणतात, एवढी माणसं एवढं करून आली, त्यांना परत कसं पाठवायचं." तिचा आवाज फुटला. "माझा बाप बटाट्यांच्या भिडेपोटी दुकान बंद करेल हो."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. आणि ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. बाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. चर्चच्या स्वयंपाकघरावर राज्य करणाऱ्या इर्मा रिंगेल बाई रोलंडचा हात दोन्ही हातांत धरून सांगत होत्या की तुझ्या रोलशिवाय ईस्टर म्हणजे काय ईस्टर. रोलंड मान हलवत होता, म्हणत होता, खरंय, खरंय, फार आभारी आहे. प्रत्येक आभारासरशी तो बंद होण्याकडे आणखी एक पाऊल टाकत होता. रांगेतल्या प्रत्येकाचा निरोप त्याने असा घेतला, तर सोमवारी दुकान उघडायला त्याला लाज वाटली असती. त्या गावचा माणूस लाजेपायी काय करेल ते बाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांचा बाप लाजेपायीच गेला होता, रोज थोडा थोडा.

पुढच्या गुरुवारी चूक दुरुस्तीच्या चार ओळी छापता आल्या असत्या. तोवर लिऑन गेला असता, ईस्टरची ऑर्डर गेली असती. बाईंनी डोक्यावरची टोपी काढली. कोपऱ्यातली पिठाची रिकामी बादली उचलली, दुकानात नेऊन पालथी घातली आणि क्रिस्टाच्या खांद्याचा आधार घेऊन बादलीवर चढल्या. उभ्या आयुष्यात त्या चार माणसांसमोर मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

"मी आर्लीन झास्ट्रो," त्या म्हणाल्या. हे काही कोणाला सांगायला नको होतं. "गुरुवारी मी लिहिलं ते चूक आहे. बेकरी बंद होत नाहीये. मागे नवी भट्टी आलीय, क्रिस्टा दुकान चालवणार आहे. मी रोलंडला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला माफ करा."

इतकं उघडं बोलणं त्या गावाने चर्चमध्येसुद्धा ऐकलं नव्हतं. कोणी बुटांकडे बघू लागलं, कोणी हॅमकडे. शेवटी इर्माबाईंनी रोलंडचा हात सोडला.

"रोलंड, खरं?"

रोलंड कानांपर्यंत लाल झाला. "तसं... हो. पण तुम्ही सगळे एवढं घेऊन आलात."

"मग गुरुवारपासून आभार कसले मानत होतास?"

रोलंडने जरा विचार केला. "बटाट्यांचे," तो म्हणाला.

आधी लिऑन हसला, मागे, फावड्यावर रेलून. मग इर्माबाई, मग रांग, दारापासून थेट न्हाव्याच्या दुकानापर्यंत. बाहेरच्यांना काय झालं ते पत्ता नव्हता, पण आतले हसतायत म्हणून तेही हसले, आणि मग बातमी तोंडोतोंडी मागे सरकत गेली तसं पुन्हा एकदा हसले. बाईंचा जीव भांड्यात पडला. बादलीवरून उतरताना त्यांना क्रिस्टाने जवळजवळ उचलूनच घेतलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"ईस्टरचे रोल," इर्माबाई गल्ल्यावर बोट आपटून म्हणाल्या. "नेहमीइतके. सुपरमार्केटला मी बघून घेते."

"नेहमीइतके," रोलंड म्हणाला.

लिऑनने आतून ओरडून सांगितलं की सॉसेजचा वास त्याला तसाही सोसत नाही. आणि रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने, ज्याचे हात मघापासून भरून आले होते, सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला, "मग हे बटाटे आता घरी न्यायचे का?"

कोणी नेले नाहीत. पिठाच्या टेबलांवर भांडी उघडली, हॅम कापलं गेलं, नव्या भट्टीतले रोल टोपल्या भरभरून आले. लोक उभ्याने खात होते आणि एकेक करून भट्टी बघून येत होते. पहिला रोल फोडून इर्माबाईंनी कुरकुर ऐकली, चावला, आणि म्हणाल्या की जुन्या भट्टीइतका नाही, पण वाईटही नाही. त्या गावात याहून मोठी शाबासकी नसते. निघतो निघतो म्हणत प्रत्येकजण दारात तासभर उभा राहिला.

दुपारी दुकान रिकामं झालं. क्रिस्टा आणि लिऑन उद्याचं पीठ मळायला मागे गेले. रोलंड नळावर भांडी धूत होता, बाई पुसत होत्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी होती. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून रोलंड प्रत्येकात सहा रोल ठेवून ते बाजूला लावत होता.

"फार वाईट केलं मी तुझं," बाई म्हणाल्या.

"छे. जिवंतपणी एवढं चांगलं कोण ऐकतं?"

बाई थोडा वेळ एकच भांडं पुसत राहिल्या. "मला तुझं बाबांसारखं व्हायला नको होतं, रोलंड. बाबांचं दुकान बंद झालं तेव्हा कोणी आलं नाही. एकही माणूस नाही."

रोलंडने नळ बंद केला.

"आलो होतो," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"आईने केक केला होता. मीच धरून उभा होतो, तुमच्या कोपऱ्यावर, त्या मेपलच्या झाडाखाली. आम्ही एकटे नव्हतो. इर्माचे आईवडील होते, शाळेचे मास्तर होते, सगळा फुटपाथ भरला होता. सगळ्यांच्या हातात काही ना काही. तुमच्या खिडकीत वॉल्टर दिसत होते, टाय बांधून बसलेले. आई म्हणाली, आत्ता त्यांना माणसं बघवणार नाहीत, लाज वाटेल बिचाऱ्यांना. सगळ्यांनाच तसं वाटलं. पायरी कोणीच चढलं नाही."

"मग?"

"मग काय. घरी गेलो."

बाई मघाच्याच बादलीवर बसल्या. इतकी वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला कान लावून बसल्या होत्या, आणि बाहेर, हाकेच्या अंतरावर, गाव उभं होतं. गाव विसरलं नव्हतं. गाव आलं होतं आणि लाजून परत गेलं होतं. छातीवरचा एक धोंडा कोणीतरी उचलून घेतल्यासारखं त्यांना वाटलं, आणि तो इतका जुना होता की त्याच्याशिवाय श्वास कसा घ्यायचा तेही क्षणभर कळेना. त्या रडल्या. त्या गावात असं दुसऱ्यासमोर कोणी रडत नाही, पण रडल्या. रोलंडने ओला टॉवेल पुढे केला.

डोळे पुसून झाल्यावर बाईंनी विचारलं, "त्या केकचं काय केलंत?"

"खाल्ला. घरी बसून. खाताना कोणी बोललं नाही."

"कसला होता?"

"सफरचंदाचा. वर दालचिनी."

"बाबांना तोच आवडायचा," बाई म्हणाल्या.

रोलंडने हात पुसले आणि पिठाच्या फळीवरून सफरचंदांची टोपली खाली काढली.